मला वर तरी उचला!

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. लाकडी दांडा, लाल रंग आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत ‘थांबा’. शाळेच्या वेळी कोणीतरी मला भर रस्त्यात वर धरायचं, गाड्या थांबायच्या, मुलं पलीकडे जायची. पण पुढे बिनपगारी उभं राहायला कोणी मिळेना आणि शिपाईमामांनी माझी चक्क केरभरणी केली. कचरा उचलताना संताप यायचा. पण पत्र्याचं ऐकतो कोण?

मग एक काका आपणहून आले. लढाईमुळे गाव, कापडाचं दुकान, सगळं मागे टाकून लेकीबरोबर या देशात आसऱ्याला आलेले. मुख्याध्यापिकाबाईंनी मला त्यांच्या हाती दिलं. मला वाटलं, सुटले!

कुठलं काय! काका मला काखेत धरून कडेला उभे. गाड्या आपणहून थांबायची वाट बघत! चुकून एखादी थांबली, की तिच्या चालकाला हात जोडत. इथे राहायच्या कागदासाठी कचेरीत ताटकळून त्यांना तशी सवयच लागली होती. ‘अहो, उचला ना मला!’ मी मनात ओरडायचे. मुलांना रोज उशीर होई.

शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘काका, हा आठवडा बघते. नाहीतर दुसरं कोणी शोधावं लागेल.’’

लेकही वैतागली होती. ‘‘बाबा, फुकटचं काम, वर लोकांचे हॉर्न. कशाला हवंय?’’

‘‘अगं, पगार घ्यायची परवानगी नाही मला. उभं राहायची आहे,’’ काका हसले. मग हळूच म्हणाले, ‘‘आणि इथं कोणीतरी माझी वाट बघतं.’’

शुक्रवारी रस्त्याच्या मधोमध एका चिमुरडीचं दप्तर फाटलं. ती तिथेच बसून पेन्सिली वेचू लागली. तेवढ्यात पांढरी गाडी आली, कागद देणाऱ्या कचेरीतल्या साहेबांची. काकांनी ती ओळखली. तरी ते पुढे होऊन रस्त्याच्या मधोमध आले. आणि त्यांनी मला डोक्यावर उंच धरलं.

‘‘ए बाबा, हो बाजूला! आत कोण बसलंय माहीत आहे का?’’ चालक ओरडला.

‘‘माहीत आहे. पोरीचं आवरू दे.’’

‘‘काका, खोडरबर सापडत नाहीये!’’

‘‘शोध बाळा. घाई नाही.’’

मागे गाड्यांची रांग लागली. काका हलले नाहीत.

लेक कोपऱ्यावरून सगळं बघत होती. जवळ येऊन तिनं एवढंच विचारलं, ‘‘शाळेच्या मागच्या फाटकाशी कोणीच उभं राहत नाही ना?’’

कागद अजून आलेला नाही. कधी येईल, कोणी सांगत नाही. मला त्याचा फार राग येतो. काका मात्र बाजारात गेले, की पोरं लांबून हाका मारतात.

तेव्हा मित्रांनो, मी वर दिसले की थांबा. हॉर्न वाजवू नका. मला धरून हात दुखतो त्यांचा; तरी शाळा भरल्यावरही ते मला लगेच खाली घेत नाहीत.