आठवीच्या बाईंचा घसा

कोपऱ्यातल्या खोलीतली आठवी म्हणजे शाळेच्या डोक्याला ताप. हीच पोरं सातवीत असताना दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. यंदा शाळा उघडली आणि हा वर्ग नव्या बाईंच्या गळ्यात पडला. मुख्याध्यापकांनी आडपडदा ठेवला नाही; शनिवारी येऊन बघतो म्हणाले, जमलं नसेल तर वर्ग खेळाच्या सरांकडे. बाईंनी मान डोलावली, पण मनात म्हणाल्या, काय वाट्टेल ते होवो, मी वर्ग सोडायची नाही.

बाई हुशार, पण जरा जास्तच. कोण कुठल्या बाकावर बसतं ते बघून त्यांनी घरी सगळी नावं घोकली, सासूबाईंना म्हणूनही दाखवली. दुसऱ्या दिवशी ऐटीत हाका मारायला लागल्या, तर वर्ग हसून लोटपोट. पोरांनी जागाच बदलल्या होत्या! घोकंपट्टीच्या तंद्रीत बाईंनी चक्क मिसरूड फुटलेल्या मुलाला मुलीच्या नावाने हाक मारली होती. हा कट एका मुलीचा. तिचा आवाज असा, की सगळे तिला लाऊडस्पीकर म्हणायचे.

बाई संतापल्या, खोटं कशाला सांगा. दुसरं कुणी असतं तर आकाशपाताळ एक केलं असतं. बाई मात्र शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

"मी बाक पाठ केले, तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या. "आता एकेकाने पुढे या आणि मला स्वतःबद्दल सांगा."

मग काय, आठवडाभर नुसती विचारपूस, अगदी मधल्या सुट्टीतही. कोण धाकट्या भावाला आंघोळ घालून शाळेत येतो, कोणाला गणित म्हटलं की घाम फुटतो, सगळं बाईंना कळलं. लाऊडस्पीकरच्या आजीला ऐकू कमी येतं, म्हणून तिला घरी ओरडूनच बोलावं लागतं, हेही कळलं.

शनिवारी बाईंचा घसा पार बसला. मुख्याध्यापक खेळाच्या सरांना घेऊनच आले. बाईंनी तोंड उघडलं, तर नुसती हवा. गेला वर्ग हातचा, त्यांना वाटलं. तेवढ्यात लाऊडस्पीकर उभी राहिली.

"सर, आमच्याशी बोलून बोलून बाईंचा आवाज गेलाय. आज त्या खुणा करतील, आम्ही शिकवू."

बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं आणि बोट दाखवलं. गणिताला घाबरणारा उठला, चुकला, पण कोणी फिदीफिदी हसलं नाही. शेजारच्याने त्याला हळूच समजावलं, आणि पठ्ठ्याने उत्तर काढलं. तास संपेपर्यंत असंच चाललं.

मुख्याध्यापकांनी जाताना विचारलं, "या पोरांना गप्प कसं केलंत?"

बाईंऐवजी लाऊडस्पीकरच बोलली. "गप्प नाही केलं, सर. आमचं ऐकून घेतलं."

मुख्याध्यापक खेळाच्या सरांना म्हणाले, चला, इथे आपलं काम नाही. बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. ही माझी पोरं आहेत, असं त्यांना अख्ख्या शाळेला ओरडून सांगायचं होतं, आणि नेमका आजच आवाज नव्हता.