मयुरीच्या नावानं

अंगणातून खर्र, खर्र असा आवाज आला आणि दुपारची सामसूम मोडली. रंजीतानं मान वर केली. सहा वर्षांची मयुरी आपल्याहून उंच खराटा दोन्ही हातांनी ओढत होती. बाप तिला धड आठवतही नव्हता, पण झाडताना खांदा मात्र तसाच झुकवायची. रंजीता पाहत राहिली. मांडीवरच्या मृत्युपत्राच्या कच्च्या कागदात एक जागा सकाळपासून कोरीच होती: पोरीचा पालक कोण?

होळीआधी नागपुरात तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. बहुतेक बाया बऱ्या होऊन घरी जातात, असं डॉक्टर म्हणाले. ते ‘बहुतेक’ तिनं बसमधून गावापर्यंत मांडीवर घेऊन आणलं होतं. नवरा प्रवीण अपघातात गेल्यापासून शेताच्या सात-बारावर दोघी मायलेकीच. आपला हिस्सा आणि घर मयुरीला, एवढं लिहायला कुरखेड्याच्या आदेश वकिलाला काहीच वेळ लागला नव्हता.

“अजून काही, ताई?” त्यानं विचारलं होतं.

“नाल्यावरचं मोहाचं झाड.”

“ते तं जंगलात आहे! सरकारचं झाड कागदात कसं घालू? उद्या म्हणसान, वाघबी लिहा पोरीच्या नावानं.”

रंजीता हसली, पण मनातून ते झाड हललं नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं: फुलं पडण्याआधी ज्या घराचं माणूस झाडाखालचा पाचोळा झाडतं, त्या घराचं ते झाड. एक हंगाम चुकला की दुसऱ्याचा खराटा फिरतो. प्रवीणच्या आज्यापासून तो मोह त्यांचा होता. पहाटे वाकून वेचताना तिच्या केसांत पडलेलं फूल प्रवीण हळूच काढायचा आणि तोंडात टाकायचा. “तुह्या डोक्यातलं जास्त गोड लागते,” म्हणायचा. पोरीला बापाची आठवण म्हणून द्यावं असं तेवढंच तर होतं, आणि तेवढंच देता येत नव्हतं.

राहिला पालक. एक तिचा भाऊ राजदीप, लांब राजुऱ्याला. दुसरी मोठी जाऊ वच्छला, भिंतीला भिंत लागून. कालपर्यंत तिच्या मनात वच्छलाच होती. पण आज नळावर बाया बोलल्या, “तुह्या मोहाखाली वच्छला झाडून राह्यली म्हणते!” आपण जिवंत असतानाच? रंजीतानं पेनाचं टोपण काढलं, राजदीपचा ‘रा’ लिहिला, आणि तिथंच थांबली.

“चाल वो मयुरी,” ती उठली.

नाल्यापर्यंतची वाट तिला कधी एवढी लांब वाटली नव्हती. दम लागला की ती बसायची. मयुरी खराट्यासकट शेजारी बसायची. मोहाखालची जमीन सारवल्यासारखी साफ होती. वच्छला कडेच्या पाचोळ्याला लावलेली आग फांदीनं आवरत होती.

“बाई, मी अजून मेली नाई.”

वच्छला वळली. “मरशीन काऊन? पण असा दम तोडत आलीस, हे मरणाचंच काम केलं. बस आधी!” तिनं दंडाला धरून बसवलं. “मी झाडलं नसतं तं वरच्या आळीच्या डोमाची बायको खराटा घेऊन निघालीच होती. मंग आपली खूण गेली असती नं!”

“आपली?”

“मयुरीची. ते पाह्य.”

बुंध्याला लाल रिबीन बांधलेली होती. मयुरी आठवडाभर शोधत होती तीच.

“सगळ्या गावाले सांगून ठेवलं, औंदाची फुलं मयुरीची. वेचीन मी, टोपली तिची. तू बरी होऊन ये अन् मंग तुही तू वेच. मले काय हौस आहे अंधारात उठाची?”

रंजीतानं मयुरीला जवळ घेतलं. म्हणाली, “बाई, पोरीचे पालक म्हणून तुमचं नाव लिहू?”

वच्छलानं फांदीनं आग आत लोटली आणि डोळे पुसले. धूर डोळ्यांत गेला असावा. “लिही. पण पेन हलक्या हातानं चालव. परत आली की तुलेच खोडाव लागन.”

घरी आल्यावर रंजीतानं ‘रा’ खोडला आणि वच्छलाचं नाव लिहिलं. उद्या कुरखेड्याला दोन साक्षीदारांसमोर सही झाली की कागद पक्का. मयुरी येऊन खांद्याला रेलली. केसांना धुराचा वास येत होता. रंजीतानं तो श्वासभर घेतला.

“काय लिहिलं, आई?”

“घर तुह्या नावानं. माह्या वाट्याचं शेत तुह्या नावानं.”

“अन् मोह?”

“तो वच्छला मोठाईनं केला तुह्या नावानं.”

मयुरीनं कागदावरून बोट फिरवलं, अगदी खालपर्यंत, जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

“अन् तू? तुले कोणाच्या नावानं केलं?”