तीनदा गाळलेलं

रुग्णालयाच्या तळघरात नळीने जेवणाऱ्या रुग्णांचं पातळ अन्न बनतं. तिथे ती नऊ वर्षं कामाला आहे. धान्य, डाळ, भाज्या शिजवायच्या, बारीक वाटायच्या, जाड चाळणीतून एकदा गाळायच्या, असं भिंतीवरच्या कार्डावर लिहिलेलं आहे.

घशाच्या ऑपरेशननंतर तिचा दादा वर वॉर्डात होता. दुसऱ्याच दिवशी त्याची नळी तुंबली. नवी घालताना नाकातून रक्त आलं. तेव्हापासून त्याच्या वाट्याचं ती तीनदा गाळायची, शेवटी मलमलीतून. चोथा बादलीत जायचा.

“आज मेनू काय?” तो घोगऱ्या आवाजात विचारायचा.

“कालचाच.”

“नाक मुरडलं असतं, पण तेही नळीने मोकळं ठेवलं नाही.”

पाचव्या आठवड्यात जुलाब लागले, मग ताप, मग पोट फुगून टणक झालं. लॅबवाला रिपोर्ट घेऊन स्वतः तळघरात आला.

“जंतू बाहेरून आलेला नाही,” तो म्हणाला. “तुमच्या-माझ्याही पोटात असतो, गुमान पडून. ऑपरेशननंतरच्या अँटिबायोटिकने त्याला आवरणारे बाकीचे जंतू मेले. जे उरले त्यांना चोथा हवा असतो. तो मिळाला नाही की ते आतड्याचं अस्तर खातात, आणि अस्तर विरलं की हा आत घुसतो. दादांचं किती वेळा गाळता?”

तिने बोटं वर केली. तीन.

त्याने रिपोर्टाची घडी घातली.

“आजपासून न गाळता दिलं तर?”

“ताई, आता सर्जनना विचारा.”

सर्जनने उभ्याउभ्याच सांगितलं. आतड्याला दोन भोकं पडली होती. भिंत इतकी कुजली होती की टाका धरणार नव्हता. अन्न बंद करायचं, फक्त दुखू नये एवढं बघायचं.

ती दुपारी दादाजवळ जाऊन बसली. नळीचं टोक चिमट्याने बंद केलेलं होतं.

“दादा, तुझं मी तीनदा गाळायचे. त्यानेच झालं हे सगळं.”

त्याने बोटाने तिच्या हातावर टपली मारली.

“वेडी आहेस. शेजारच्याची नळी चारदा तुंबली. माझी पुन्हा एकदा तरी तुंबली का?”

“नाही.”

“मग? वॉर्डात सगळ्यांना सांगतो मी, माझी बहीण खाली आहे म्हणून.” त्याने घड्याळाकडे मान वळवली. “चार वाजले की गं. आज जेवणाला उशीर का?”

अन्न बंद केल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.