फिरता गोळा

डॉक्टर हिमानीने बेंबीखाली बोटं दाबली तशी शरदिनीने खाटेची दांडी घट्ट धरली. ओरडली मात्र नाही.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून," तिचा नवरा ढुंढिराज दारातूनच म्हणाला. "हिचं नेहमीचंच आहे. घाटावर श्राद्धाचे यजमान खोळंबलेत माझे. गॅसचं इंजेक्शन द्या, घेऊन जातो."

"मी त्यांना विचारतेय."

शरदिनीने ओठ ओले केले. "पोटात गोळा फिरतो माझ्या. कूस बदलली की सरकतो. कितीदा सांगितलं. आज खाली गेला नि तिथंच अडकला."

"घरी चार पाहुणे आले की गोळा हमखास उठतो," ढुंढिराज हसला.

हिमानी हसली नाही. गोळा तिच्या बोटांना लागला होता. तिने तातडीने सीटी स्कॅन करायला सांगितला. डाव्या बरगड्यांखाली प्लीहेची जागा रिकामी होती. प्लीहा ओटीपोटात उतरली होती आणि तिच्या रक्तवाहिन्यांना दोरीसारखा पीळ बसला होता.

पोट उघडलं तेव्हा प्लीहा काळीनिळी पडलेली होती. हिमानीने पीळ सोडवला, गरम पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या ठेवून वाट पाहिली. रंग परतला नाही. प्लीहा काढून टाकावी लागली.

बाहेर येऊन तिने मास्क ओढून काढला.

"हा आजार क्वचितच दिसतो. पण त्या सांगत होत्या ते शब्दन् शब्द खरं होतं. वेळेवर कुणी तपासलं असतं, तर प्लीहा जागेवर बसवता आली असती. आता प्लीहा नाही, म्हणजे जंतुसंसर्गाशी लढायची ताकद कमी; साधा तापसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकतो. तुम्ही हसत होतात."

ढुंढिराजने मान खाली घातली. आजूबाजूला कुणीच नव्हतं.

दोन दिवसांनी हिमानी वॉर्डात आली, तेव्हा त्याची बहीण संपदा आणि तिचा नवरा भेटायला आले होते. ढुंढिराज स्टुलावर बसून सांगत होता, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, हिच्या पोटात काहीतरी गडबड आहे. डॉक्टरांना तपासणी करायलाच लावली."

शरदिनी छताकडे पाहत पडली होती. हिमानीला पाहून तिने मान वळवली.

"डॉक्टर, ऑपरेशननंतर ह्यांना काय सांगितलंत?"

हिमानीने ढुंढिराजकडे पाहिलं. "सगळं सांगितलं."

"परत सांगा. सगळ्यांसमोर."

ढुंढिराज घाईने उठला. "मी जरा औषधं घेऊन येतो."

"बसा," शरदिनी म्हणाली.