जॅकच्या नळीचा बाक

कॅराव्हॅनला पुढून टेकू देणाऱ्या जुन्या जॅकच्या नळीला बाक होता, साधारण सात अंशांचा, आणि तो मागच्या बाजूला होता. वंदनाने पर्समधल्या व्हर्निअरने नव्या जॅकची नळी मोजली – सत्तावन्न मिलीमीटर. कॅराव्हॅनच्या दांडीवरच्या प्लेटचं भोक एक्कावन्न. हा फरक ग्राइंडरने जाईल... पण बाक? तिचे यजमान राधेश्याम म्हणाले होते, गंजून मोडला, वर्षभर गाडी हललीच कुठे? गंज लोखंड खातो. वाकवत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही कॅराव्हॅन बांधून घेतली होती, कारमागे जोडून दोघांनी देशभर हिंडायचं म्हणून. तिने मुदतीआधी नोकरी सोडायची, एवढंच बाकी होतं – आणि तीन वर्षं ती ‘बघू’ म्हणत आली होती.

“मॅडम, भोक वाढवलं तर बोल्टाजवळ लोखंडच राहत न्हाई,” वेल्डिंगवाले सर्जेराव म्हणाले. “वरून दहा एमएमची प्लेट मारतो, तिच्यात नवं भोक पाडू.” मग जुना जॅक उचलून हसले. “सर, हा खाली टेकलेला असतानाच गाडी वढली कुणीतरी. वर घ्यायचं इसरलं.”

“गंजलाय तो,” राधेश्याम म्हणाले.

“गंज असा एका अंगाला झोपत न्हाई, सर.”

ग्राइंडर सुरू झाला. वंदनाने जुन्या जॅकचा पाय उलटा केला, नखाने खरवडला. आत माती घट्ट बसली होती – काळी, मध्ये चुनखडीचे पांढरे खडे. घरामागे जिथे गाडी उभी असते तिथे तांबडा मुरूम आहे. बदनापूरच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं हेच करते, माती कुठली ते ओळखते... कुणाला घेऊन गेले असतील? मागच्या महिन्यात कॅराव्हॅनमधल्या दोन कपांतला एकच धुतलेला होता, दुसऱ्यावर धूळ – तेव्हा ते पाहिलं, आणि काही विचारलं नाही. एकच कप. म्हणजे बरोबर कुणीच नव्हतं. संशय तिथेच संपायला हवा होता. तो संपला नाही, नुसता वळला – मग एकटेच का गेले, मला न सांगता?

ग्राइंडर थांबला.

“अहो, ही माती कुठली?”

राधेश्याम प्लेटकडे पाहत म्हणाले, “धावडा गावची. दिवाळीनंतर गेल्तो, तू लॅबला असताना. मला एकट्याला जमतं का, ते बघून राह्यलो होतो. निघताना जॅक तसाच राहिला.”

“सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू ‘बघू’ म्हणाली असतीस.”

सर्जेराव खडूने नव्या प्लेटवर गोल आखत होते. ते पाहता पाहता वंदनाच्या लक्षात आलं, की चार महिने यांनी एक गोष्ट लपवली आणि आपण तीन वर्षं ‘बघू’च्या आड... तिने नखातली माती पुसली.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, नेहमीसारखा, मोजका. “बघू नाही. येणारच नाही.”