मुका भुऱ्या

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली सांभाळून ताई विटल्या आणि बावन्नाव्या वर्षी त्यांनी कुत्र्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षक व्हायचं ठरवलं. घरादाराने त्यांना वेड्यात काढलं. झालं, प्रमाणपत्र हा ताईंच्या इभ्रतीचा प्रश्न होऊन बसला.

लेखी परीक्षेत त्या पास झाल्या. उरलं एवढंच, की तीन आठवड्यांत एक अवघड कुत्रा सुधारायचा आणि त्याचा व्हिडिओ द्यायचा. धाकट्या भावाचा भुऱ्या आयताच सापडला. तो खात असताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायचा.

नियम ताईंना तोंडपाठ होता. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला शिक्षा करायची नाही. चावण्याआधी तो सांगतोय, हे त्याचे उपकारच. लांबून त्याच्या भांड्यात चांगलंचुंगलं टाकत राहायचं, माणूस आलं की आपला फायदा होतो हे त्याला पटेपर्यंत. याला महिने लागतात. पण ताईंचं म्हणजे पी हळद अन् हो गोरी! बारा दिवस झाले तरी हा गुरगुरतोच. तेराव्या दिवशी त्यांनी पट्ट्याला हिसका दिला. मग गुरगुरला की हिसका. चार दिवसांत भुऱ्याचा आवाज बंद झाला.

खाताना अजूनही ताणलेलं कुत्र्याचं तोंड व्हिडिओत दिसणार नाही, याची ताईंनी काळजी घेतली.

"खाताना गुरगुरणारा कुत्रा, आणि एवढ्या लवकर?" परीक्षक बाईंनी विचारलं. "हिसके तर नाही ना दिलेत?"

"छे हो! चिकनचे तुकडे आणि धीर," ताई बेधडक म्हणाल्या.

प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, पण ताईंना त्याच्याकडे नीट बघवेना. भावाला खरं सांगावं, तर सगळ्यांत हसं आणि केलेल्या कष्टांवर पाणी. भाचा अजून पाळण्यातच आहे, तो कुठला भांड्यापाशी जातोय, अशी त्या स्वतःची समजूत घालत राहिल्या. आज सांगू, उद्या सांगू करता करता चार महिने गेले.

एका दुपारी भावजयीचा फोन आला. आवाजात नुसतं कौतुक.

"ताई, आपलं बाळ रांगायला लागलं! आणि तुमच्या भुऱ्याची कमालच. तो जेवतोय आणि बाळ त्याच्या भांड्यात हात घालतंय, तरी हूं की चूं नाही!"

ताई फोनवर ओरडल्याच.

"उचल बाळाला! आधी उचल!"

"अहो, घाबरता काय? तुम्हीच तर शिकवलंय त्याला."

"मी काही शिकवलेलं नाही गं! हिसके मारून गप्प केलंय फक्त! खोटं बोलले मी सगळ्यांशी. तू कुठे आहेस?"

"मी इकडे ओट्यापाशी, ते दारात..." भावजय थांबली. "ताई, भुऱ्या खायचा का थांबला? असा ताठ का झालाय हा?"