युरियात न टिकलेली गाठ

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका अंगणवाडीत मुलं तोलते. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन मला तोंडपाठ आहे, माझ्या घरात मात्र एकही लेकरू नाही. सहा वर्षांत चारदा दिवस गेले आणि चारही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. मुलं घरी गेली तरी मी रिकाम्या काट्याजवळ बसून राहते. हे मी कुणाला सांगत नाही, आणि कुणी कीव करायला आलं तर त्याला धड सोडत नाही.

प्रत्येक डॉक्टरने विचारलं, "जखम झाली तर रक्त लवकर थांबतं का?" मी खरं तेच सांगितलं, "लगेच थांबतं." विळा लागला तरी पाच मिनिटांत थांबायचं. दुसऱ्या दिवशी तीच जखम पुन्हा वाहायची. पण धानाच्या रोवणीत चिखलात हात घातला की जखम उघडणारच, असं आमच्याकडच्या सगळ्याच बाया धरून चालतात. माझी तर उन्हाळ्यातही उघडायची, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सासू रुक्माबाई म्हणायच्या, "तुया आंगात पोरगं टिकतच नाई वो." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मला ते पटलं होतं, ते वाईट.

यंदा, २००७ साली, गोंदियाच्या एका लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला नवऱ्यासोबत, संघदीपसोबत, निघाले तर बसमध्येच ब्लाउजची बाही लाल झाली. मी तणतणत लॅबमध्ये शिरले. सुई टोचणारी दुर्गेश्वरी समोरच होती.

"कशी टोचली सुई? आज वाहून राहिलं!"

तिने कापूस दाबून धरला. "काल थांबलं होतं?"

"लगेच."

तिने कापूस उचलून जखम पाहिली. "ताई, तुम्ही जन्मल्या तेव्हा बेंबीतून रक्त गेलं होतं का?"

कामठ्याची माझी आई ते अजून सांगते: नाळ पडल्यावर आठ दिवस हळद भरत होतो म्हणून. हे कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

"रक्त गोठतं तेव्हा प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं बनतं," दुर्गेश्वरी म्हणाली. "ते कच्चं असतं. मग रक्तातच, पेशींच्या बाहेर असणारं एक एन्झाइम धाग्याला धागा जोडतं. तुमच्यात ते नसंल तर रक्ताची गाठ बनंल, पण पक्की नाही होणार. धानाच्या पेंढ्या रचल्या आणि बांधल्याच नाही, तसं. आमच्या टेस्टमध्ये हे नाही दिसत. गाठ युरियात टाकावी लागते. जोडलेली टिकते, बाकीची विरघळते. त्यासाठी नागपूरलाच जा."

"युरिया?" संघदीप म्हणाला. "धानाले टाकतो तो?"

"तोच. पण लॅबमधला शुद्ध असतो."

दुसऱ्या दिवशी हा गडी उरलेल्या पोत्यातला युरिया पिशवीत बांधून घेऊन आला. दुर्गेश्वरी खो खो हसली. "यावर रिपोर्ट नाही देणार हं, फक्त पाहू," म्हणत तिने तो पाण्यात विरघळवून गाळला. एका नळीत संघदीपच्या रक्ताची गाठ टाकली, दुसरीत माझी. आम्ही बाकावर बसून राहिलो. तीन वाजता त्याची गाठ चिंचोक्यासारखी तळाशी बसलेली होती. माझ्या नळीत नुसतं लाल पाणी होतं.

महिनाभराने नागपूरच्या डॉक्टरांनी तेच पक्कं केलं. दर महिन्याला प्लाझ्मा घ्यायचा, त्यातून ते एन्झाइम मिळेल, गर्भ टिकण्याची चांगली आशा आहे, असं ते म्हणाले. रुक्माबाईंनी पदराने डोळे पुसले. "आता होते, पोरी, आता होते." संघदीप लगेच तारखा विचारू लागला.

मी विचारलं, "आणि आधीची चार?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "त्यांच्यात दोष असेल असं मला वाटत नाही. गर्भ जिथं रुजतो, तिथंही ही जोडणी लागते. ती झाली नाही."

म्हणजे ती चांगली होती. माझ्या अंगात पोर धड घडतच नसेल, म्हणून गेली, असं म्हणत मी सहा वर्षं मन मारलं. एकासाठीही धड रडले नाही.

सगळे पाचव्याबद्दल बोलत होते. मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडायला लागले. त्या घटकेला मला पाचवं नको होतं. मला माझी ती चार हवी होती.